चिखलातला मुक्काम

मार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की मनोरी काही मिनिटांवर येते. खाडीच्या अलीकडे मालाडच्या इमारतींची गर्दी, पलीकडे तिवरांची दाट झाडी. तिच्यामागे पावसाळ्यात भाताची खाचरे, हिवाळ्यात विहिरींच्या पाण्यावरची भाजी, ताड-माड, आणि पश्चिमेला उघडा अरबी समुद्र. गोराई आणि उत्तनपर्यंत गेलेली ही चिंचोळी पट्टी म्हणजे जुने धारावी बेट. इथे तिवर आणि भात एकमेकांच्या शेजारी वाढतात. दोघांवर एकच वारा वाहतो आणि दोघेही अंग धरतात ते त्याच वाऱ्यातल्या कार्बनवर. तरीही एकाच्या मुळाशी तो शतकानुशतके राहतो आणि दुसऱ्याच्या मुळाशी बहुधा काही हंगामांतच परत फिरतो. माती आणि हवा यांच्यातली ही ये-जा समजून घ्यायची तर मला मनोरीसारखी दुसरी जागा सुचत नाही.

भाताच्या वाळलेल्या काडीचे जवळजवळ चाळीस टक्के वजन कार्बनचे असते. तो जमिनीतून आलेला नसतो, पानांनी हवेतून ओढलेला असतो. काडी कुजली, गुरांनी खाल्ली किंवा पेटली की बहुतेक सगळा परत वर जातो. जो मागे उरतो तो मातीला काळेपणा देतो. जगातल्या मातीच्या वरच्या मीटरभर थरात असा सुमारे दीड लाख कोटी टन कार्बन आहे, म्हणजे वातावरणात आहे त्याच्या दीडपटीहून अधिक. चार्ल्स कीलिंगने 1958 मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे 315 भाग होते. आज ते 420 च्या पुढे गेले आहेत. एवढा मोठा साठा पायाखाली असताना त्यात थोडी घट-वाढ झाली तरी आभाळाला ती जाणवते, आणि ती घट-वाढ शेतकऱ्याच्या रोजच्या कामांतून होत असते.

आधी तिवरांकडे पाहू. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा येते, गाळ टाकते आणि पाने-मुळे त्याखाली गाडली जातात. त्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून तर तिवराची श्वासमुळे चिखलाबाहेर डोके काढून उभी असतात. प्राणवायू नसला की कुजणे मंदावते. हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या पट्ट्यातल्या कांदळवनांचा, म्हणजे अशाच तिवरांच्या जंगलांचा, 2011 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की तिथे हेक्टरी सरासरी हजार टनांच्या आसपास कार्बन आहे आणि त्यातला बराच मोठा भाग झाडांत नसून खालच्या चिखलात आहे. आणखी एक गोष्ट घडते, आणि ती मला फार विलक्षण वाटते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते. ते वापरणारे जिवाणू मिथेन बनवणाऱ्या जिवाणूंच्या तोंडचा घास पळवतात. त्यामुळे खाऱ्या चिखलातून मिथेन फारसा निघत नाही. सडक्या अंड्यासारखा जो वास खाडीकाठी येतो, तो याच व्यवहाराचा.

आता मधे बांध घाला. साष्टीपासून रायगडापर्यंत खाडीकाठच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले: मातीचे बांध घालून भरती अडवली, बांधातल्या झडपेतून, म्हणजे उघाडीतून, पावसाचे पाणी काढून दिले, खार धुऊन निघाला की भात लावला. सरकारनेही 1948 आणि 1979 साली खार जमिनींचे कायदे करून या कामाला आधार दिला. हे कष्ट मी कमी लेखत नाही, त्यावर गावे जगली आहेत. पण बांधाने पाण्याबरोबर कार्बनचाही मार्ग बदलला. उन्हाळ्यात जमीन सुकून भेगाळली की हवा आत शिरते आणि जुना साठा श्वासागणिक झिजतो. पावसाळ्यात गोडे पाणी साचते, सल्फेट उरत नाही आणि मिथेनवाल्या जिवाणूंना मोकळे रान मिळते. मुळांना हवा पोचवण्यासाठी भाताने देठात पोकळ वाटा ठेवलेल्या असतात, आणि खाचरातला बहुतेक मिथेन त्याच वाटांनी बाहेर पडतो. हवेत तो बारा वर्षांच्या आसपासच टिकतो, पण तेवढ्या काळात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक उष्णता अडवतो. हंगामाच्या मधे खाचर एकदा-दोनदा सुकू दिले तर हे उत्सर्जन खूप कमी होते. मात्र आषाढ-श्रावणात कोकणातल्या शेतकऱ्याला खाचर सुकव म्हणून सांगणारा माणूस कोकणात राहिलेला नसावा.

राबाची गोष्ट वेगळी. पावसाआधी रोपांच्या जागेवर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत थराथराने पसरून भाजायचे, ही ठाणे-कुलाब्याची जुनी रीत. त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागत, म्हणून वनखात्याशी तंटे झाले आणि 1885 मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. भारतीय शेतीची पाहणी करणाऱ्या व्होल्कर या शास्त्रज्ञाच्या 1893 च्या अहवालात राबाची चर्चा आहे. पुढे 1912 मध्ये हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. राबाचा गुण नुसत्या राखेत नाही, मातीला लागलेल्या आचेतही आहे, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. ज्याला साहेब उधळपट्टी म्हणत, त्यात कारण होते. धूर होतो, पाला मातीत जाण्याऐवजी जळतो, हा तोटा खराच. पण जळतो तो बहुतेक अलीकडच्या काही वर्षांत हवेतून उतरलेला कार्बन. झाड पुन्हा फुटले की तो पुन्हा उतरतो. मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या डहाणूच्या औष्णिक केंद्रात जळणारा कोळसा कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. तो परत खाली जायला तेवढाच काळ हवा. हे दोन धूर एकाच मापाने मोजणे मला अन्याय्य वाटते.

मातीत कार्बन मुरवण्याचे प्रयत्न आपल्याकडे नवे नाहीत. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इंदूरला शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचे कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली आणि 1931 मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या एका शेतात 1852 ते 1871 शेणखत घातले आणि मग थांबवले. त्या वाफ्यात आजही शेजारच्या वाफ्यापेक्षा अधिक कार्बन सापडतो. कोकणच्या उष्ण, ओल्या हवेत इतका दीर्घ मुक्काम मिळत नाही, इथे ह्यूमस भराभर खर्च होतो. म्हणून इथे एकदा घालून भागत नाही, दरवर्षी घालत राहावे लागते. नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा पद्धतीत नांगरणी, चिखलणी आणि लावणी टाळतात, गादीवाफे कायम ठेवतात आणि कापणीनंतर मुळे जमिनीतच राहू देतात. तिच्यातला तणनाशकाचा वापर मला खटकतो. पण मुळे उपटायची नाहीत आणि माती उलथायची नाही, हा तिचा गाभा पटतो.

कोकणात कित्येक ठिकाणी खारीचे बांध फुटले आहेत. दुरुस्तीला माणसे नाहीत, पैसा नाही, तरुण शहरात गेले. भरती आत आली, मागोमाग तिवरे आली. सातबाऱ्यावर भात आहे आणि जमिनीत कांदळवन. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये कांदळवनांची तोड थांबवली आणि 2018 च्या निकालाने खासगी जमिनीवरच्या कांदळवनांनाही संरक्षण दिले. निकाल योग्यच होता, त्याविना खाडीकाठ केव्हाच भरून गेले असते. पण त्याचा एक भाग अपुरा राहिला आहे. ज्याच्या शेतात समुद्र परतला, त्याचे पीक गेले, आणि त्या चिखलात दरवर्षी साठणाऱ्या कार्बनचा लाभ सगळ्यांना मिळतो. कांदळवन राखायचे तर त्या शेतकऱ्याला वर्षाकाठी मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो भरणाऱ्यांत पहिले नाव डहाणूची वीज वापरणाऱ्या खाडीअलीकडच्या वस्तीचे असावे.