समुत्थानव्यय

माणसाच्या पायाला किंमत असते काय, हा प्रश्न चार वर्षांपूर्वीं मला कोणीं विचारला असता, तर वर्गांत शोभेल असें उत्तर मीं ताबडतोब दिलें असतें. ज्या वस्तूच्या जागीं दुसरी तिच्याच तोलाची वस्तु ठेवतां येते तिला किंमत असते, जिच्या जागीं कांहींच ठेवतां येत नाहीं ती किंमतीच्या पलीकडची होय, हा कांटच्या नीतिशास्त्रांतील भेद मीं आजवर अनेक विद्यार्थ्यांना शिकविला आहे. आज तेंच उत्तर देण्याचें धैर्य मला होत नाहीं. कारण मधल्या काळांत माझ्या स्वतःच्या डाव्या पायाबद्दल एका न्यायाधिकरणानें रीतसर रक्कम ठरविली, ती मीं सही करून स्वीकारली, आणि ती स्वीकारतांना मला लाज वाटली नाहीं. लाज वाटली ती दुसऱ्याच एका गोष्टीची. ती पुढें सांगेन.

सिल्लोडहून छत्रपति संभाजीनगरास जाणारा रस्ता आमच्याकडील लोकांच्या नित्याच्या वहिवाटीचा आहे. अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास निघालेले प्रवासी, आमच्या बाजारांतील हिरवी मिरची, कापूस आणि मका हीं सारीं याच रस्त्यानें जात-येत असतात. हिंवाळ्यांतल्या एका संध्याकाळीं मी गांवीं परतत असतां पुढचें वाहन ओलांडण्यासाठीं आपली बाजू सोडून आलेला एक ट्रक माझ्या मोटारीवर आदळला. मांडीचें हाड दोन ठिकाणीं मोडलें, गुडघ्याची वाटी फुटली. तीन शस्त्रक्रिया झाल्या, आणि अंथरुणापासून वॉकरपर्यंत, वॉकरपासून कुबड्यांपर्यंत व कुबड्यांपासून काठीपर्यंत येण्यास अकरा महिने लागले. माझी हकीकत अपूर्व आहे असें मुळींच नाहीं. इ. स. २०२२ या एका वर्षांत आपल्या देशांतील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं आणि ४,४३,३६६ जखमी झालीं, असें सरकारी अहवाल सांगतो. मेलेल्यांची वार्ता वर्तमानपत्रांत येते. जखमी झालेल्यांचें पुढें काय होतें, हें त्यांच्या घरच्यांवांचून फारसें कोणास कळत नाहीं.

अंथरुणावर पडलेल्या माणसाकडे सल्लागारांची उणीव नसते. माझ्याकडे ते दोन प्रकारचे येत. एक म्हणत, “सर, भोग होता, जिवावरचें पायावर निभावलें, आतां कोर्टकचेरी कशाला?” दुसरे म्हणत, “सोडूं नका. विमा कंपनीकडून चांगली रक्कम निघेल.” पहिल्यांच्या बोलण्यांत दैवाचा आधार होता आणि दुसऱ्यांच्या बोलण्यांत व्यवहाराचा, परंतु दोघांच्याहि मनांत एक गोष्ट गृहीत होती, ती ही कीं भरपाई मागणें म्हणजे झालेल्या दुःखाचे पैसे करणें. एकांना तें कमीपणाचें वाटे, दुसऱ्यांना शहाणपणाचें. खरें सांगावयाचें तर पहिल्या पक्षाकडेच माझा ओढा होता. पगार चालू असलेल्या मध्यमवर्गीय माणसास कांहीं न मागण्याचा मोठेपणा फार स्वस्तांत मिळतो.

या गृहीतकाविषयीं मला प्रथम शंका आली ती एका जुन्या शब्दामुळें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत, एखाद्याचें अंग दुखावलें, व्रण झाला किंवा रक्त सांडलें, तर दुखावणाऱ्यानें त्यास ‘समुत्थानव्यय’ द्यावा असें सांगितलें आहे. याज्ञवल्क्यानेंहि हीच कल्पना मांडली आहे, आणि राजाकडे भरावयाचा दंड तिच्याहून वेगळा सांगितला आहे. टीकाकार या शब्दाचा अर्थ औषध, पथ्य इत्यादींचा खर्च असा करतात. पण शब्दाची घडण पाहावी. समुत्थान म्हणजे नीट उठून उभें राहणें. हा खर्च गेलेल्या अवयवाचें मोल नव्हे, पडलेल्या माणसास पुन्हां उभें राहण्यासाठीं जें लागतें त्याचा हा खर्च. याच अध्यायांत रथ-गाड्यांच्या अपघातांचाहि विचार आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक मोडलें, अथवा हांकणाऱ्यानें ‘बाजूला व्हा’ म्हणून ओरडून सांगितलें, तर त्याजकडे दोष नाहीं. परंतु हांकणारा अडाणी असल्यामुळें गाडी भलतीकडे गेली तर दंड मालकास, आणि तो जाणता असून चुकला तर दंड त्यासच. अर्थात् याच ग्रंथांत दंडाचें माप वर्णावरून ठरतें, हें विसरून त्याची भलावण करण्याचा माझा हेतु नाहीं. शब्द मात्र उचलून घेण्याजोगा आहे.

आपला आजचा कायदा या शब्दाच्या फार जवळ येतो. इ. स. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें न्यायाधिकरणावर ‘न्याय्य’ दिसेल ती भरपाई देण्याची जबाबदारी टाकली आहे. औषधोपचार, बुडालेली कमाई, पुढें बुडणारी कमाई, शुश्रूषा, वेदना आणि जगण्यांतल्या गमावलेल्या सुखसोयी अशीं तिचीं निरनिराळीं अंगें न्यायालयांनीं वेगळालीं करून दाखविलीं आहेत. मुंबईच्या एका वकिलाचें कमरेखालचें शरीर अपघातानें लुळें पडलें होतें. त्याच्या दाव्याचा निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें इ. स. १९९५ मध्यें मोकळेपणानें कबूल केलें कीं, अशी रक्कम ठरवितांना कांहीं अंदाज, कांहीं कल्पना आणि कांहीं सहानुभूति असणारच. मात्र त्या सर्वांस वस्तुनिष्ठ मापाचा लगाम हवा. न्यायासनानें आपल्या तराजूची अपुरेपणाची बाजू अशी उघड करावी, हें मला त्या तराजूवर विश्वास ठेवण्याचें एक कारण वाटतें. पाय परत देतां येत नाहीं हें कायद्यास ठाऊक आहे. तो फक्त विचारतो, हा मनुष्य आतां कसा उभा राहणार?

हा प्रश्न किती खरा आहे तें मला शेजारच्या खाटेवरील गृहस्थानें शिकविलें. ते बाजारांत मिरचीचीं पोतीं वाहणारे हमाल, वय अडतीस. त्यांचाहि डावाच पाय गेला होता, पण माझा मोडला होता आणि त्यांचा गुडघ्याखालीं कापावा लागला होता. एके रात्रीं झोंप न आल्यामुळें आम्ही बोलत होतों. ते म्हणाले, “सर, तुमचा पाय मोडला. माझं पोटच मोडलं. एका पायावर पोतं कसं पेलावं?” या एका वाक्यांत जें आहे तेंच सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०१० मध्यें राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालांत तत्त्व म्हणून मांडलें आहे. डॉक्टरानें अवयवाचें व्यंग किती टक्के ठरविलें एवढ्यानें भागत नाहीं. त्या व्यंगानें त्या माणसाची कमावण्याची शक्ति किती गेली हें पाहावें. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला सरकारी कारकून यांची हानि एक नव्हे.

हा भेद आंकड्यांत किती उतरतो तें पाहूं. समजा, महिन्यास १२,००० रुपये मिळविणारा अडतीस वर्षांचा हमाल आहे. वर्षाचे झाले १,४४,०००. इ. स. २००९ च्या सरला वर्मा निकालापासून रूढ असलेल्या कोष्टकाप्रमाणें त्या वयाचा गुणक १५. दाखल्यावरील चाळीस टक्केच धरले तर कमाईच्या नुकसानीबद्दल ८,६४,००० रुपये येतात. हमालीपुरता तो पूर्ण निकामी झाला असें धरलें तर २१,६०,०००. भावी वाढीचा भाग यांत धरलेला नाहीं. ह्या दोन आंकड्यांमधील अंतर म्हणजे एका कुटुंबाचें उभें राहणें किंवा न राहणें होय. माझा पगार मात्र एका रुपयानेंहि कमी झाला नव्हता. म्हणून त्या सदराखालीं मला कांहीं मिळालें नाहीं, आणि तें योग्यच झालें. दावा न करण्याचा माझा मोठेपणा त्या रात्रीं संपला. माझ्यासारख्यानें उदारपणानें सोडून दिलेला हक्क दुबळ्याच्या बाबतींत सहज ‘हांव’ ठरतो. शिवाय पैसे त्या थकलेल्या तरुण चालकाच्या खिशांतून जावयाचे नव्हते. रस्त्यावर वाहन आणणाऱ्या प्रत्येकास कायद्यानें सक्तीचा केलेला विमा, म्हणजे सर्वांनीं मिळून आधींच बाजूस ठेवलेला हा समुत्थानव्यय, त्यांतून ते येणार होते. चालकाविषयीं माझ्या मनांत राग होता. पण दावा हें तो राग काढण्याचें ठिकाण नव्हे, हेंहि मला तेव्हांच उमगलें.

परंतु येथें एक अडचण उभी राहते, आणि माझ्या मतें या विषयांतील खरा नैतिक प्रश्न तोच आहे. बरें होणें आणि दावा सिद्ध करणें या दोन क्रियांचीं तोंडें उलट दिशांना असतात. रुग्णानें कालच्यापेक्षां आज काय जमलें तें मोजावयाचें. दावेदारानें काय जमत नाहीं तें मोजावयाचें. सकाळीं व्यायाम शिकविणाऱ्या बाई म्हणत, “सर, गुडघा आणखी थोडा वाकवा, येतोय.” दुपारीं वकिलांचा फोन येई, “सर, काय काय करतां येत नाहीं त्याची यादी काढून ठेवा.” दोघांचेंहि म्हणणें रास्त होतें. पण रोज सकाळीं पुसलेली यादी दुपारीं पुन्हां लिहूं लागलों म्हणजे मन कोणत्या बाजूस कलणार?

आतां ती लाजेची गोष्ट. व्यंगाचा दाखला देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढें जाण्याच्या तीन आठवडे आधीं मीं काठी सोडली होती. त्या दिवशीं सकाळीं एका हितचिंतकानें सहज सुचविलें, “आजच्या दिवस काठी असूं द्या.” तो खोटें बोला असें म्हणाला नव्हता, आणि काठी हातांत धरणें म्हणजे खोटें बोलणें नव्हे, अशी मींहि मनाची समजूत घातली. नीतिशास्त्र शिकविणारा मी काठी टेकीत आंत गेलों. तिचा उपयोग कांहींच झाला नाहीं. डॉक्टरांनीं कोनमापक लावून गुडघा किती वाकतो तें पाहिलें, आणि काठीमुळें त्याचे अंश बदलले नाहींत. बदललों मी. घरीं परतल्यावर काठी कोपऱ्यांत ठेवतां येईना. दुसऱ्या दिवशीं पाय खरोखरीच अधिक दुखूं लागला, आणि पुढें जवळजवळ दीड महिना मी लंगडत होतों. मंडळास फसविण्यासाठीं केलेलें सोंग माझ्याच पायानें खरें मानलें.

पुढें न्यायाधिकरणांत विमा कंपनीच्या वकिलांनीं उलटतपासणींत विचारलें, “आपण काठीशिवाय चालतां ना?” माझ्या वकिलांची मान खालींच होती. मीं म्हणालों, “होय, चालतों. जिना उतरतां येत नाहीं, मांडी घालून बसतां येत नाहीं, पण सपाट जागीं चालतों.” हें उत्तर देतांना जितकें मोकळें वाटलें तितकें शेवटची शस्त्रक्रिया सुटल्यावरहि वाटलें नव्हतें. मागितलेल्या रकमेपेक्षां मिळालेली रक्कम कमी होती. त्या उत्तरानें ती किती कमी झाली तें मीं कधीं विचारलें नाहीं.

याचा अर्थ, सारें मनाच्या खंबीरपणावर आहे, असा कोणीं काढूं नये. अपघातांतून उठलेल्यांचे दाखले आपण नेहमीं मोठमोठ्यांचे देतों. मन्सूर अली खान पतौडी यांचा उजवा डोळा इ. स. १९६१ मध्यें इंग्लंडांतील मोटार-अपघातांत अधू झाला, आणि पुढच्याच वर्षीं ते भारतीय संघाचे कर्णधार झाले. सुधा चंद्रन यांचा पाय इ. स. १९८१ च्या बस-अपघातानंतर कापावा लागला, तरी जयपूर पायावर त्या पुन्हां नाचल्या. हे दाखले खरे आहेत आणि वंद्यहि आहेत. परंतु खाटेवर पडलेल्या हमालास ते ऐकविणें ही एक प्रकारची निर्दयता आहे. त्याच्याजवळ जिद्द कमी नसते. घरांत धान्य नसतें. समुत्थान ज्याचें त्यानेंच करावयाचें, पण त्याचा व्यय त्याच्यावर टाकावयाचा नाहीं, असा त्या जुन्या शब्दाचा दुहेरी अर्थ आहे. एक अर्ध सोडून दिलें कीं उपदेश उरतो. दुसरें सोडून दिलें कीं नुसता हिशेब.

आणि हा व्यय वेळेवर मिळाला पाहिजे. अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याची न्यायाधिकरणांची पद्धत आहे, परंतु चार वर्षें आखडून राहिलेला सांधा व्याजानें मोकळा होत नाहीं. इ. स. २०२५ पासून अपघातग्रस्तांस पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरतां उपचार मिळण्याची योजना लागू झाली आहे, ती या दृष्टीनें मला फार मोलाची वाटते. पण पडलेला माणूस आठव्या दिवशींहि पडलेलाच असतो.

ते हमाल अधूनमधून भेटतात. कमाईचा लेखी पुरावा नसल्यामुळें त्यांचा दावा अजून रेंगाळतो आहे. उसने पैसे घेऊन त्यांनीं बाजाराच्या फाटकाशीं चहाचें दुकान टाकलें आहे, आणि कृत्रिम पायावर दिवसभर उभे असतात. मागच्या आठवड्यांत मीं त्यांना विचारलें, “साक्षीच्या दिवशीं काय सांगणार?” ते कप विसळीत म्हणाले, “हाय ते सांगीन सर. चहा करता येतो, पोतं उचलता येत न्हाई.” नीतिशास्त्र शिकविणाऱ्या मला जें उत्तर सुचावयास दीड महिना लंगडावें लागलें, तें त्यांच्याजवळ आधींपासूनच तयार होतें. त्यांच्या साक्षीची तारीख पुढच्या महिन्यांत आहे. त्या दिवशीं त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या कोर्टांत जाण्याचें मीं ठरविलें आहे. जिना असला तर आम्हां दोघांसहि सावकाशच चढावा लागेल.