आधी कोणाचे ऋण?

जुगाराची चटक सुटली म्हणजे जुगाऱ्याचा प्रश्न सुटला, असे आपण सर्वसाधारणपणे मानतो. वस्तुस्थिती उलट आहे. डाव टाकणे थांबविले त्या दिवसापासून त्याच्या दारात माणसे येऊ लागतात. खेळत असताना ज्यांना तो 'आज देतो, उद्या देतो' म्हणून थोपवून धरीत होता, ते सारे एकदम त्याला दिसू लागतात. तोवर ते नव्हते असे नाही. तो पाहत नव्हता. शुद्धीवर येणे हीच जणू त्याची पहिली शिक्षा ठरते. अशा माणसाने कोणाचे ऋण आधी फेडावे, आणि फेडणे शक्यच नसेल तर काय करावे, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचा आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहिलेला नाही. तिरटाचा डाव आणि मटक्याचा आकडा येथे जुनाच. परंतु त्यासाठी माणसाला घरातून उठून अड्ड्यावर जावे लागे, चार डोळे त्याला पाहत, त्यातला एखादा जाऊन त्याच्या बापाला सांगे. मोबाईलवर रमी आली आणि ते चार डोळेही गेले. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली म्हटले होते. त्या वाक्याचा आडोसा घेऊन हा धंदा वाढला. २०२५ च्या जून महिन्यात याच जिल्ह्यात ऑनलाईन रमीपायी कर्जात बुडालेल्या एका तरुणाने पत्नीचा व अजाण मुलाचा जीव घेऊन स्वतःचाही शेवट केला, अशी बातमी आपण सर्वांनी वाचली. त्यानंतर दोन महिन्यांनी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड त्यात आहे. खेळणाऱ्यास मात्र शिक्षा ठेवलेली नाही. कायदा त्याला बळी समजतो. तो बळी आहेही. पण ज्या दुकानदाराने त्याच्या घरी सहा महिने उधारीवर साखर-तेल धाडले, त्याला 'मी बळी आहे' हे उत्तर कसे पुरावे?

याच सुमारास एक गृहस्थ आमच्याकडे आला. पुढे लिहितो ते पापनिवेदनात ऐकलेले नव्हे. धर्मग्रामगृहाच्या ओसरीवर, पत्नीच्या समक्ष सांगितलेले आहे, आणि नावगाव न देता लिहिण्यास दोघांची संमती आहे. वय चौतीस, मालवाहू गाडीवर चालक, पगार सोळा हजार. चौदा महिने तो फोनवर रमी खेळला. मधूनमधून तिरटाच्या अड्ड्यावरही बसला. आता खेळ सोडून दोन महिने झाले होते आणि झोप उडाली होती.

येथे आमची एक चूक आधी कबूल केली पाहिजे. त्यापूर्वी वर्षभर, तो पहिल्यांदा आला तेव्हा, मुलीच्या फीचे कारण ऐकून आम्ही त्याला आठ हजार रुपये काढून दिले होते. ती रक्कम दोन रात्रींत गेली. आम्हांला वाटले होते, आपण दया केली. वास्तविक आम्ही त्याच्या हाती आणखी एक डाव दिला होता. जुगाऱ्याचे कर्ज परस्पर फेडून टाकणारे बाप, भाऊ, सासरे आपण पुष्कळ पाहतो. त्यांचे प्रेम खोटे नसते. परंतु कर्ज एका फटक्यात नाहीसे झाले की जुगाऱ्याचे मन त्याला 'जिंकलेला डाव' समजते, आणि पुढच्या डावास मोकळे होते.

या खेपेस आम्ही पैसे दिले नाहीत. एक दोनशे पानी वही दिली आणि देणेकऱ्यांची यादी करण्यास सांगितले. 'गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस' ही जुगारातून सुटू पाहणाऱ्यांची परस्परसाहाय्य संघटना १९५७ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे सुरू झाली. तिच्यात अशी रीत आहे की, काही काळ खेळापासून दूर राहिलेल्या सभासदासोबत व त्याच्या जोडीदारासोबत जुने अनुभवी सभासद बसतात, सर्व देणी कागदावर मांडतात, घरखर्च आधी बाजूला काढतात, आणि उरेल त्यातून सर्वांना थोडेथोडे फेडण्याची योजना आखतात. नवे कर्ज काढावयाचे नाही. लपविलेले एकही देणे उरू द्यावयाचे नाही. आमच्या खेड्यात अशी मंडळी कोठून आणणार? सहकारी पतसंस्थेतून निवृत्त झालेल्या एका सद्गृहस्थास आम्ही बोलाविले, आणि ओसरीवर चौघे बसलो.

त्याने आणलेल्या यादीत आठ नावे होती. पहिले नाव अड्ड्यावरच्या माणसाचे: बारा हजार. "ते आधी द्यावं लागंल फादर, इभ्रतीचा सवाल हाय." मग खाजगी सावकार, एक लाख, शेकडा पाच दरमहा व्याजाने. बँकेचे पीककर्ज एक लाख दहा हजार. मेहुण्याचे साठ हजार. कर्ज देणाऱ्या मोबाईल ॲपचे शेहेचाळीस हजार. पत्नीच्या नावे महिलांच्या गटातून उचललेले अडतीस हजार. एका चालक मित्राचे पंधरा हजार. आणि सर्वांत शेवटी किराणा दुकानदार, नऊ हजार चारशे.

ही यादी कोणत्या क्रमाने लागली होती? जो मोठ्याने ओरडतो तो वर, जो संकोचाने गप्प बसतो तो खाली. कर्जबाजारी माणसाच्या मनात भीतीच यादी लिहिते. न्यायाला ती यादी उलटी वाचावी लागते.

अड्ड्यावरचे नाव आम्ही खोडले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक मानते. असे पैसे न्यायालयात दावा लावून वसूल करता येत नाहीत. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जे पैसे लेकराच्या ताटातले होते ते डावावर लावण्याचा अधिकार त्याला नव्हता. जे लावण्याचा अधिकारच नव्हता ते समोरच्याने न्यायाने जिंकले, असे कसे म्हणावे?

उरली सात नावे, तीन लाख अठ्ठ्याहत्तर हजार चारशे रुपये. पगारातून घरखर्चाचे साडेदहा हजार काढले तर हाती साडेपाच हजार. सद्गृहस्थांनी भागाकार केला: व्याज न धरता एकोणसत्तर महिने, म्हणजे पावणेसहा वर्षे. तो हसला, ते हसू आम्हांस अजून विसरता येत नाही. म्हणाला, "एका रात्रीत गेलंय फादर त्यातलं निम्मं. पावणेसहा वर्षं कुठं फेडत बसू? एकच डाव नीट लागला असता, तर एका रात्रीत समद्यांचं देऊन मोकळा झालो असतो."

या एका वाक्यात सारा रोग आहे. जुगाऱ्याला लोभी म्हणण्याची आपली रीत आहे. त्याचे खरे व्यसन घाईचे असते, असे आम्हांला त्या दिवशी कळले. कमाई आणि काळ यांचे नाते त्याला तोडावयाचे असते. आणि कर्ज झाल्यावर हीच घाई सद्गुणाचा वेष घेते: 'सर्वांचे एकदम फेडीन.' शेवटचा डाव बहुधा कर्ज फेडण्याच्या सद्धेतूनेच टाकला जातो. म्हणून हप्त्याने फेडणे ही केवळ गरिबाची लाचारी नव्हे. या रोगावरचे ते औषधच आहे. दर महिन्याचा तो रटाळ, लहानसा, न चमकणारा आकडा त्याला काळाशी पुन्हा जोडतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यात सावकारांचे भय आहे, घरच्यांचा तिटकारा आहे. आणि अखेरीस त्याला दिलेला उपदेश आहे, तो फासे टाकून शेत कसण्याचा. शेत एका रात्रीत पिकत नाही, हे आमच्या कोरडवाहू मुलखाला वेगळे सांगावयास नको.

पण विलंब करणे हा अन्यायच नव्हे काय? ज्याचे त्याला देण्यात उशीर करणे म्हणजे त्याचे धन तितके दिवस अडवून ठेवणे. सेमिनरीत आम्ही शिकलो त्या संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न घेतला आहे. त्यांचे उत्तर असे: परतफेड तत्काळ झाली पाहिजे, मात्र ज्याला ती खरोखर अशक्य आहे, त्याला ती असमर्थताच तत्काळ फेडीच्या बंधनातून सोडविते. तथापि त्याने स्वस्थ बसू नये. स्वतः जाऊन किंवा दुसऱ्याला पाठवून त्याने धनकोकडे सूट अथवा मुदत मागितली पाहिजे. मागणे हेही कर्तव्यच आहे. हप्त्यांची योजना म्हणून जे काही आज सांगितले जाते, त्याचा नैतिक पाया येथे सापडतो. तोंड चुकविणारा आणि मुदत मागणारा, दोघांच्याही हाती आज पैसे नाहीत. परंतु पहिला धनकोला फसवितो, दुसरा त्याला माणूस म्हणून मान देतो.

तेव्हा तो मागावयास निघाला. मेहुण्याकडे आणि किराणा दुकानदाराकडे तो एकटा गेला. ते सर्वांत अवघड ठरले. बँकेत आम्ही सोबत गेलो. व्यवस्थापकांनी कर्जाची पुनर्रचना आणि लोकअदालतीतील तडजोड, असे दोन मार्ग दाखविले. ॲपवाल्यांचे फोन पहाटे येत. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करू नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. सावकाराचे व्याजच महिना पाच हजार होत होते, म्हणजे जवळपास सारी शिल्लक. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा ठरविली आहे, आणि तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे तक्रार करता येते. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा नियम तर आपल्याकडे फार जुना. हे शांतपणे सांगितल्यावर सावकार व्याज सोडून मुद्दल हप्त्याने घेण्यास तयार झाला. त्याचे मुद्दल बुडवावे, असे आम्ही सुचविले नाही. अन्यायी धनकोचेही जे खरे देणे आहे ते देणेच असते.

नवा क्रम असा लागला: आधी घरचे अन्न आणि मुलीचे शिक्षण, मग महिलांच्या गटाचे, कारण तो हप्ता चुकला तर त्यांच्याइतक्याच गरीब शेजारणींच्या पदरावर तो पडतो, मग दुकानदार व मित्र, मग मेहुणा, बँक, ॲप, आणि शेवटी सावकार. प्रत्येकाला काहीतरी, पण दुर्बलाला आधी.

आम्ही वही मिटणार, इतक्यात चहाचे कप उचलताना त्याची पत्नी म्हणाली, "फादर, ह्यात माझ्या डोरल्याचं कुठं लिहिलंय?"

कोणीच काही बोलले नाही. दीड तोळ्याचे डोरले आणि मुलीच्या कानातले त्याने पहिल्या तीन महिन्यांतच विकले होते. त्याने ते लिहिले नव्हते. निवृत्त सद्गृहस्थांना सुचले नाही. नीतिशास्त्र शिकलेल्या आम्हांलाही सुचले नाही. स्त्रीधनावर पतीची मालकी नसते, हे कायदा सांगतो. पण आम्ही सारे तिला कर्जदाराची बाजू समजत होतो, धनको समजतच नव्हतो. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीने विचारले होते की, युधिष्ठिराने आधी स्वतःला हरविले की मला? त्या प्रश्नाला सभेतील वडीलधारे नीट उत्तर देऊ शकले नाहीत. आमच्या ओसरीवरचा प्रश्न त्याच जातीचा होता. जो ओरडत नाही, दारात उभा राहत नाही, ज्याच्यापाशी कागद नाही, त्याचे ऋण यादीतूनच गळते. आणि सर्वांत मोठे तेच असते.

वहीच्या पहिल्या ओळीवर तिचे नाव आले. तिच्या नावे पोस्टात महिना पाचशेचे आवर्ती खाते उघडावयाचे ठरले. त्यामुळे बाकीच्यांसाठी पाच हजारच उरले आणि मुदत सव्वासहा वर्षांवर गेली. त्याने सही केली. या खेपेस तो हसला नाही. पगार आता थेट तिच्या खात्यात जमा होतो.

शुभवर्तमानातील जक्कय चौपट परत करीन म्हणतो. आमच्या या बांधवापाशी चौपट नाही, एकपटही नाही. पण क्रम पाहण्याजोगा आहे: प्रभू त्याच्या घरी आधी जातो, परतफेडीची भाषा जक्कय नंतर बोलतो. क्षमा ही परतफेडीचे बक्षीस नव्हे. आणि क्षमा मिळाली म्हणून परतफेड टळतही नाही. क्षमा मिळालेला माणूस यादी न घाबरता लिहू शकतो, इतकाच तिचा व्यवहारातील अर्थ.

वाचकहो, एक गोष्ट आपल्याकडेही वळून पाहण्याची आहे. पैजेचे खेळ स्वतःहून अन्याय्य नाहीत, स्वतःच्या वा इतरांच्या गरजेचे हिरावून घेऊ लागले की ते अनीतीचे ठरतात, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. त्या आधारावर आपण सणाच्या दिवशी हौजी खेळतो, इमारतनिधीसाठी सोडतीची तिकिटे खपवितो. ते पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. पण यंदा सोडतीची पुस्तके वाटताना त्याच्या घरासमोर आमचे पाऊल थबकले. आपल्यासाठी जो खेळ, तो आपल्याच ओळीतील एखाद्यासाठी विष असू शकतो. आम्ही या वर्षी सोडत रद्द केली; निधी कमी जमला.

सात हप्ते झाले आहेत. चौथ्या महिन्यात तो एका रात्री अड्ड्यावर गेला आणि सातशे रुपये हरला. सकाळी त्याने ते स्वतःच वहीत लिहिले आणि वही पत्नीपुढे ठेवली. त्यानंतर 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर तो अधूनमधून बोलतो. पुढे काय होईल, ते आम्ही सांगू शकत नाही; एकोणसत्तर महिने उरले आहेत, आणि पहिल्या दिवशी त्याला हसू आले होते तोच हा आकडा. मात्र ते सातशे रुपये कोणी विचारले नव्हते, लपविता आले असते, आणि तरी ते वहीत आहेत. ऋण फेडण्याचा आरंभ पैशाने होतो असे आम्हांला पूर्वी वाटत असे. आता वाटते, तो त्या ओळीपासून होतो.