मैदान, वर्ग आणि ऋण

अमेरिकेतील लहान शहरांत शरद ऋतूतली शुक्रवारची संध्याकाळ शाळेच्या फुटबॉलची असते. हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू लंबगोल, तो बगलेत धरून धावायचे, आणि धावणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला लोळवायचे. म्हणून डोक्यावर शिरस्त्राण व खांद्यांवर जाड कवच. टेक्सास किंवा ओहायोमधल्या एखाद्या गावी त्या संध्याकाळी निम्मी वस्ती मैदानावर लोटते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिव्यांच्या झोतात धावतो आणि माणसे त्याच्या नावाचा गजर करतात. सोमवारी तोच मुलगा बीजगणिताच्या तासाला बाकावर बसलेला असतो. अशा मुलाने दोन्हीकडे जीव ओतला, तर गावचे वर्तमानपत्र त्याच्यावर कौतुकाचे चार परिच्छेद छापते, आणि त्यांत एक शब्द हमखास येतो: समर्पण.

या शब्दापाशी आम्ही थबकतो. आम्हां ख्रिस्ती लोकांना तो वेदीजवळचा शब्द आहे. मिस्साबलिदानात भाकर व द्राक्षारस अर्पण होतो तेव्हा कोण अर्पण करतो, काय अर्पण करतो आणि कोणाला, हे तिन्ही स्पष्ट असते. शाळकरी खेळाडूच्या बाबतीत पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सर्वांना पाठ आहेत. तिसरा प्रश्न कुणी विचारीत नाही. त्याचे गुडघे, त्याची झोप, त्याच्या संध्याकाळी, सारे वाहिले जाते. ते स्वीकारतो कोण? शाळा? गाव? की ज्याची नोकरी विजयांवर टिकून असते तो प्रशिक्षक? आणि स्वीकारणाऱ्यावर त्यामुळे काही ऋण येते की नाही?

खेळाविषयीची चर्चची परंपरा अनेकांना वाटते तेवढी कोरडी नाही. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे. त्या शहरातील भाविकांना लिहिताना संत पौलाने धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचाच दाखला घेतला, आणि कोमेजून जाणाऱ्या मुकुटासाठी ते जो संयम पाळतात, त्याच्याकडे बोट दाखवले. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर खेळण्याला सद्गुणांच्या यादीत जागा दिली. त्यांनी सांगितलेली जुनी कथा अशी: प्रेषित योहान शिष्यांसह खेळताना दिसले म्हणून काही जण नाराज झाले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला सांगितले, पुनःपुन्हा सांगितले, आणि मग विचारले की हे असेच अखंड चालेल काय. धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. मनाचेही तसेच आहे, असे योहान म्हणाले.

कथा सुंदर आहे. पण शुक्रवारच्या त्या मुलाला ती लावून पाहावी, म्हणजे ती उलटी होते. थॉमस यांच्या लेखी खेळ म्हणजे ताण सैल करणे. या मुलाचे धनुष्य सकाळी व्यायामशाळेत ताणले जाते, दिवसभर वर्गात, संध्याकाळी सरावात, रात्री गृहपाठात. त्याचा खेळ हेच त्याचे कष्ट झालेले आहेत. मग त्याला ‘दोन्हींचा समतोल राख’ असा उपदेश करणे म्हणजे एका धनुष्याला दोन प्रत्यंचा लावून वर शहाणपण सांगणे होय.

या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न 1984 साली टेक्सास राज्यात झाला. उद्योगपती रॉस पेरो यांच्या समितीच्या आग्रहातून तेथे शिक्षणसुधारणेचा कायदा संमत झाला. त्यातील एक कलम ‘उत्तीर्ण नाही तर खेळ नाही’ या नावाने गाजले: एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण मिळाले की विद्यार्थी सहा आठवडे सामन्यांतून बाद. प्रशिक्षक संतापले, पालक न्यायालयात गेले. गव्हर्नर मार्क व्हाइट 1986 ची निवडणूक हरले. त्यांच्या पराभवाच्या कारणांत हा रोषही मोजला जातो. 1995 मध्ये सहा आठवड्यांचे तीन झाले. तत्त्व मात्र राहिले.

आम्ही या कलमाच्या विरोधात नाही. खेळाच्या नादात शाळेने मुलाचे शिक्षण गिळू नये, एवढे भान त्यात आहे. पण त्यात एक अवघड गोष्टही दडली आहे. गणित हे मैदानात शिरण्याचे तिकीट झाले, की मुलगा गणित शिकत नाही, तिकीट काढतो. सत्तर गुण पडले की पुस्तक मिटले. आणि खेळही बिघडतो, कारण त्याची रूपे दोनच उरतात: बक्षीस, नाही तर हिरावून घेतलेले बक्षीस. त्याच कायद्याने खालच्या प्राथमिक वर्गांत 22 हून अधिक मुले बसवू नयेत, असेही ठरवले होते. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नीट व्हावी म्हणून मोठ्यांवर घातलेले हे बंधन होते. त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. मुलाला घातलेली अट गाजली, मोठ्यांना घातलेली अट विस्मृतीत गेली. आमच्या मते सारा प्रश्न इथेच आहे.

डेक्स्टर मॅनली यांचे उदाहरण घ्या. ते टेक्सासमधील ह्यूस्टनचे. वरचा कायदा येण्यापूर्वीच ते शाळेतून बाहेर पडले होते. शाळेत फुटबॉल, मग विद्यापीठात चार वर्षे फुटबॉल, मग वॉशिंग्टनच्या व्यावसायिक संघात नावाजलेले स्थान. संघाच्या दोन सुपर बोल विजयांत ते होते. मे 1989 मध्ये ते अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीपुढे आले आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले की शाळा आणि विद्यापीठ पार करूनही आपण निरक्षरच राहिलो होतो. तिशीकडे झुकल्यावर ते वॉशिंग्टनच्या एका विशेष शाळेत वाचायला शिकत होते. त्यांना शिकण्यात अडचण होती, ती लहानपणी कुणी ओळखली नाही. एका वर्गातून दुसऱ्यात त्यांना ढकलले गेले. मैदानावर त्यांनी कष्टात कसूर केली असे कुणी म्हणू शकणार नाही. समर्पण पुरेपूर होते. ते स्वीकारणाऱ्यांनी हिशेब मात्र कधी चुकता केला नाही.

उलट बाजूला ॲलन पेज यांचे आयुष्य दिसते. ओहायोतील कँटन शहरात, सेंट्रल कॅथलिक शाळेत ते शिकले, खेळले आणि 1963 मध्ये उत्तीर्ण झाले. त्याच गावात व्यावसायिक फुटबॉलचे सन्मानभवन बांधले जात होते, आणि तरुण पेज त्या बांधकामावर मजूर म्हणून राबले. पुढे नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात 1966 चे राष्ट्रीय विजेतेपद, 1967 मध्ये राज्यशास्त्राची पदवी, मग मिनेसोटाच्या संघात प्रवेश. 1971 साली त्यांना व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला. बचावफळीतल्या खेळाडूला तो प्रथमच मिळत होता. वकील होण्याचे स्वप्न त्यांनी लहानपणापासून बाळगले होते. एकदा विधिमहाविद्यालयात नाव घातले ते तीन आठवड्यांत सोडले. नंतर मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा प्रवेश घेतला व खेळत असतानाच 1978 मध्ये कायद्याची पदवी मिळवली. 1992 मध्ये ते मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयावर निवडून आले. त्या न्यायासनावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. 2015 पर्यंत त्यांनी न्यायदान केले.

ही दोन आयुष्ये शेजारी ठेवून ‘पेज जिद्दी आणि मॅनली आळशी’ असा धडा काढणे सोपे आहे, आणि तो आम्हांला अन्यायाचा वाटतो. माणसाची इच्छाशक्ती आम्ही नाकारीत नाही. तीन आठवड्यांत सोडलेली वाट पुन्हा धरायला ती लागतेच, आणि तिशीत मुळाक्षरांकडे परतायला तर त्याहून अधिक लागत असेल. पण पेज यांच्या हाती वाचनाचे साधन वेळेवर पडले होते. घरी शिक्षणाला मोल होते, असे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. एकाला जे मिळाले ते दुसऱ्याला मिळाले नाही. त्यानंतर दोघांच्या जिद्दीची तुलना करणे म्हणजे बूट घातलेल्याची आणि अनवाण्याची शर्यत लावण्यासारखे आहे.

आमच्याकडे हे सारे परके आहे, असेही मानू नये. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. हेतू चांगला आहे, गरजू मुलांना त्याचा आधारही होतो. पण तेथे खेळ अभ्यासाचे तिकीट होतो, टेक्सासात अभ्यास खेळाचे. व्यवहार तोच, दिशा बदललेली. धर्मग्रामाच्या स्पर्धेत चषक जिंकून आलेल्या मुलाला आपण खांद्यावर घेतो. त्याच मुलाला नववीचे पुस्तक अडखळत वाचावे लागते, हे त्या खांद्यांना ठाऊक असते का? आणि ठाऊक झाले तर त्याला ओरडण्यापलीकडे आपण काय करतो?

1988 मध्ये पेज यांना फुटबॉलच्या सन्मानभवनात स्थान मिळाले, ज्याच्या पायाभरणीत त्यांनी मजुरी केली होती त्याच इमारतीत. अशा प्रसंगी जुना प्रशिक्षक किंवा सहखेळाडू नवागताची ओळख करून देतो, असा रिवाज. पेज यांनी त्यासाठी मिनिआपोलिसमधील एका शाळेच्या मुख्याध्यापिकेला बोलावले, आणि आपल्या भाषणात ते खेळापेक्षा शिक्षणावरच अधिक बोलले. त्याच वर्षी त्यांनी अल्पसंख्य समाजांतील तरुणांच्या उच्च शिक्षणासाठी एक निधी उभारला. शिष्यवृत्ती घेणाऱ्यांवर त्यांनी एक अट घातली. ती गुणांची नव्हती: दर वर्षी ठरावीक तास जवळच्या शाळेतील लहान मुलांबरोबर बसायचे, आणि त्यांचा अभ्यास घ्यायचा.