पैठणचं शुद्धिपत्र, मंचरचा दाखला

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून आळंदीने त्यांच्या चार मुलांना वाळीत टाकलं, आणि पैठणच्या धर्मपीठाकडून शुद्धिपत्र आणल्याशिवाय त्यांना जवळ करायला नकार दिला, असं परंपरा सांगते. मुलं पायी पैठणला गेली. तिथे त्यांच्यातल्या ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, पत्र मिळालं, आणि परतीच्या वाटेवर आळ्यात त्या रेड्याने देह ठेवला. वारकरी आजही त्या समाधीवर माथा टेकतात. चमत्कार मानावा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण चारही मुलांना लहानपणापासून ओळखणाऱ्या आळंदीला पैठणचा कागद का लागावा, हा प्रश्न श्रद्धाळूंना आणि अश्रद्धांना सारखाच पडायला हवा.

जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात तो प्रश्न अजून मिटलेला नाही. इथल्या महादेव कोळी घरातल्या मुलाला जमातीचा दाखला मिळतो मंचरच्या उपविभागीय कार्यालयातून, दोन्ही तालुक्यांचं ते एकच कार्यालय. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी घोडेगावचा आदिवासी विकास प्रकल्प. वैधता प्रमाणपत्रासाठी पुण्याची तपासणी समिती. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आणि जमातीच्या दाखल्याला आणि वैधतेला हवा असतो तो पुरावा 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा: आजोबा-पणजोबांच्या शाळेतली नोंद, नाहीतर कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची ओळ. हे जुने कागद शाळांच्या आणि सरकारच्याच दप्तरात असतात. एका दप्तरातून काढून दुसऱ्या दप्तरात नेऊन देण्याचं काम मात्र त्या मुलाच्या बापाचं, बुडालेल्या मजुरीसकट.

काही घरांचे स्वतःजवळचे कागद राहिलेच नाहीत. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. 30 जुलै 2014 च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला, 151 माणसं गेली. घरंच गाडली गेली तिथे पेटीतल्या कागदांचं काय विचारायचं?

पुराव्याचा हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार पूर्वी हाती घेतला होता. मीमांसकांचं म्हणणं, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. बाधक काही पुढे येईपर्यंत ते खरं धरावं. नैयायिक म्हणतात, नाही, ज्ञानाचं खरेपण बाहेरून ठरतं, दुसऱ्या प्रमाणाने. त्यावर मीमांसकांचा आक्षेप सरळ आहे: एका ज्ञानाला दुसरं ज्ञान साक्षीला लागलं, तर त्या दुसऱ्याला तिसरं लागेल, आणि हे थांबायचं कुठे? यालाच अनवस्था म्हणतात. महाराष्ट्राचा जात प्रमाणपत्राचा 2000 चा कायदा नैयायिकांच्या बाजूचा आहे. त्याच्या आठव्या कलमाने सिद्धतेचा भार दावा करणाऱ्यावर टाकला. अनवस्था काय असते, हे पाहायचं तर वडिलांना वैधता मिळूनही मुलाला पुन्हा पहिल्या पायरीवर उभं करणारी प्रकरणं पाहावीत.

तरीही नैयायिकांची बाजू हलकी नाही. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या आणि जागा बळकावल्या गेल्या, आणि त्याची झळ सर्वांत आधी खऱ्या आदिवासींनाच बसली. ‘बोगस आदिवासी’ हटवा ही मागणी खुद्द आदिवासी संघटनांची आहे. 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीची पद्धत घालून दिली, ती एका महादेव कोळी दाव्यातच. त्यात शाळेच्या जुन्या नोंदीत ‘महादेव कोळी’ऐवजी ‘हिंदू कोळी’ असं लिहिलेलं होतं. 2017 मध्ये त्याच न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाकारलं. हे योग्यच झालं.

खटकतं ते वेगळंच. त्या तपासणीत आप्तभाव, म्हणजे जमातीशी असलेलं सांस्कृतिक नातं, पाहायचा म्हणून कुलदैवत, लग्नाच्या रीती, मर्तिकाचे विधी विचारले जातात. वाघोबाला, वरसूबाईला, भीमाशंकरच्या कमळजेला हात जोडणाऱ्या माणसाने ती भक्ती एका समितीपुढे उत्तरपत्रिकेसारखी मांडायची. पुण्यात वाढलेल्या नातीला आजीच्या लग्नातले विधी सांगता आले नाहीत, तर ती कमी महादेव कोळी ठरते का? मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी ठाकूर जमातीच्या प्रकरणात सांगितलं की आप्तभाव ही निर्णायक कसोटी नव्हे. धर्म माणसाच्या अंतरात असतो असं मानणाऱ्या देशाला हे न्यायालयाकडून ऐकावं लागलं.

हद्दींचाही विचार करायला हवा. 1976 च्या दुरुस्तीपर्यंत कित्येक जमातींना मान्यता होती ती ठरावीक तालुक्यांपुरती. हद्द ओलांडली की तोच माणूस यादीबाहेर. राज्यांच्या बाबतीत हे आजही खरं आहे. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातल्या प्रवेशावरून 1990 मध्ये निकाल झाला की एका राज्यातला अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. न्यायालयाचं कारणही समजण्यासारखं आहे: यादी त्या त्या राज्यातल्या परिस्थितीवरून ठरते. म्हणजे सगळ्या हद्दी पुसून टाकणं हा उपाय नव्हे. लाभ कोणाला, हे राज्याराज्यांत वेगळं ठरू शकतं. पण माणूस कोण, त्याचे आजोबा कुठल्या शाळेत होते, ही माहिती हद्द ओलांडल्याने बदलत नाही.

रेशनच्या बाबतीत हे जमलं. ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिका एकमेकांकडे चालू लागली. एस्टोनियात 2001 पासून सरकारी नोंदवह्या एकमेकींशी बोलतात, आणि जे सरकारला माहीत आहे ते नागरिकाला पुन्हा विचारायचं नाही, असा तिथला दंडक आहे. आपल्याकडे 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे. मुदत, अपील, कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड, सगळं त्यात आहे. मात्र हा कायदा मुख्यतः एकेका सेवेच्या मुदतीवर लक्ष ठेवतो. मंचर, घोडेगाव आणि पुणे या तीन कार्यालयांमध्ये जाणारा वेळ कोणाच्या नावावर लिहायचा?

धोका इथेही आहे. नोंदी एकत्र आल्या की एकीतली चूक सगळ्यांत पसरते, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं 2017 मध्येच ठरलं आहे. म्हणून एकत्र आणलेली नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा अधिकार गावातल्या सेवा केंद्रातच मिळायला हवा, पुण्यात नव्हे.

आठवं कलम राहू द्यावं. दावा खरा आहे हे दावेदाराने दाखवावं. पण सरकारच्याच दप्तरातला कागद सरकारपर्यंत नेण्याचा भार त्याच्यावर टाकायला कुठल्याही दर्शनाचा आधार नाही. राज्य सरकारने त्या कायद्यात एवढी एक ओळ घालावी, आणि सुरुवात जुन्नर-आंबेगावपासून करावी.