विचारण्याआधी जरा थांब

चि. वैष्णवीस,


तुझं पत्र पोचलं. घरचा ट्रॅक्टर आता तुझ्या हातात आहे आणि बाबांच्या कमरेला थोडा आराम मिळतोय हे वाचून फार बरं वाटलं. तू तो नीट सांभाळशील याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. लहानपणी सायकलची चेन तेल घालून पुसून ठेवणारी पोर तू, तुला मशीनची माया शिकवावी लागत नाही. पण पत्रातली एक गोष्ट मनात राहिली. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला, तू ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्यांना मोबाइलवर विचारलंस आणि जितकी माणसं तितकी उत्तरं आली: कुणी फिल्टर म्हणालं, कुणी पंप, कुणी नोझल, एकानं तर इंजिनच उघडायला सांगितलं. तू वैतागलीस. वैतागू नकोस, बाळ. त्यांनी मनापासूनच सांगितलं, पण तुझा प्रश्न होता ‘ट्रॅक्टर चालू होत नाही, काय करू?’ एवढाच, मग प्रत्येकानं आपापल्या ट्रॅक्टरला जे झालं होतं तेच तुला सांगितलं.

गोठ्यातली गाय चारा खाईना झाली तर तू काय करतेस? आधी तिच्यापाशी उभी राहतेस, रवंथ करतेय का बघतेस, कान गार आहेत का ते हात लावून पाहतेस, शेण कसं टाकलंय ते पाहतेस, आणि मगच डॉक्टरांना फोन लावतेस. ट्रॅक्टरपाशीही तशीच घटकाभर उभी राहत जा. सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतं का, की नुसती टिकटिक होते? फिरत नसेल तर डिझेलला दोष देण्याआधी बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीय का ते बघ. आणि हल्लीच्या बऱ्याच ट्रॅक्टरांचा सेल्फ क्लच दाबल्याशिवाय किंवा दांडा न्यूट्रलला असल्याशिवाय लागतच नाही, तेही ध्यानात ठेव. इंजिन फिरतं पण पेटत नाही, आणि सायलेन्सरमधून धुराची रेघसुद्धा निघत नाही, तर बहुधा डिझेलच पोचत नाही. चालताना काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय किंवा भार जास्त आहे, म्हणून एअर क्लीनर आधी उघडावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीच्या सकाळी थोडा वेळ येतो, त्याचं मनावर घेऊ नये. इंजिन तापल्यावरही येत राहिला तर मात्र न जळलेलं डिझेल किंवा पाणी, हे दोन्ही तपासावं लागतं.

एवढं पाहिलंस की मग विचार, आणि विचारताना सगळं एकदाच लिही: ट्रॅक्टर कुठला, किती अश्वशक्तीचा, कुठल्या सालचा, मीटरवर किती तास झाले, मागे नांगर होता की रोटाव्हेटर, बिघाड एकदम झाला की हळूहळू वाढत गेला, आणि अलीकडे काय काय उघडलं किंवा बदललं. हे शेवटचं लोक हमखास विसरतात, आणि बऱ्याचदा उत्तर तिथंच असतं. इंजिनवरच्या पट्टीचा फोटोही जोड, कारण एकाच नावाच्या ट्रॅक्टरला वेगवेगळ्या साली वेगवेगळे पंप बसवलेले असतात आणि एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. ‘काल संध्याकाळी टाकी कोरडी होईस्तोवर रोटाव्हेटर मारला, डिझेल भरल्यावर इंजिन फिरतं पण पेटत नाही, धूर अजिबात नाही’ असं लिहून बघ. जाणता माणूस एका दमात सांगेल, पोरी, लाइनमध्ये हवा धरलीय, एअर काढ. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू थोडा सैल करायचा, हातपंप शांतपणे मारत राहायचं; आधी फेसाळ, बुडबुड्यांचं डिझेल येतं, मग नितळ सलग धार येते, ती आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. एका पान्याचं काम. याच बिघाडापायी घाईत पंप उतरवून गाडीत घालून शहरात नेणारे लोक आहेत, आणि पंप एकदा खोलला की तो मशीनवर लावून सेट करून आणावा लागतो, खर्च वेगळा आणि दिवस वेगळे.

म्हणूनच आलेल्या उत्तरांमध्ये सगळ्यात स्वस्त आणि पुन्हा होतं तसं करता येईल असं जे असेल ते आधी करून पाहावं, आणि एका वेळी एकच. फिल्टर, नोझल, बॅटरी सगळं एकदम बदललंस आणि ट्रॅक्टर चालू झाला, तर पैसे तर गेलेच, पण बिघाड कशाचा होता हे पुढच्या वेळीही कळणार नाही. काटकसर म्हणजे नुसता पैसा धरून ठेवणं नव्हे गं, खर्चलेल्या प्रत्येक रुपयातून काहीतरी शिकून घेणं ही खरी काटकसर.

कुणाला विचारावं? ज्याच्याकडे तुझ्यासारखाच ट्रॅक्टर आहे आणि जो तो स्वतः चालवतो, त्याला आधी. बाबांच्या मित्राकडचा जुना एचएमटी तू पाहिला आहेसच. हरियाणातल्या पिंजोरच्या कारखान्यात 1971 पासून चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या साथीनं ते ट्रॅक्टर बनू लागले. 2016 मध्ये सरकारनं तो कारखाना बंद करायचा ठरवलं, पण शेतातले ट्रॅक्टर काही त्या दिवशी थांबले नाहीत. अशा ट्रॅक्टरचा कुठला भाग कुठं मिळतो, कशाला काय चालतं, हे आता मालकच एकमेकांना सांगतात आणि त्यावरच ती यंत्रं राबतात. तुझा ट्रॅक्टर अजून वॉरंटीत असेल तर मात्र कंपनीच्या माणसाआधी कुणालाही पाना लावू देऊ नकोस. आणि पुढे कधी पन्नास अश्वशक्तीच्या वरचा नवा घेतलात, तर 1 जानेवारी 2023 पासून त्या गटाला धुराचे नवे कडक नियम लागू झालेत, त्यामुळे त्यातल्या पुष्कळ इंजिनांना संगणकानं चालणारी डिझेल यंत्रणा असते. तिथं मीटरवर दिसणारा कोड लिहून घ्यावा आणि डिझेलचे पाइप स्वतः सैल करू नयेत. त्या पाइपांतला दाब हजार बारच्याही वर जातो. जुन्या साध्या नोझलचा फवाराही दोनशे बारच्या आसपास असतो, तोही कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण तडक दवाखाना गाठावा लागतो. नोझलसमोर बोट कधीच धरू नये.

आता माझ्या एकुलत्या एका काळजीबद्दल. तुझ्या चांगुलपणाची नाही, तुझ्या हुशारीची नाही, मला काळजी आहे ती तुझ्या घाईची. वाफसा आलेला असतो, आभाळ भरून येतंय, शेजारच्याची पेरणी निम्मी उरकलीय, अशा वेळी कुणीतरी सांगतं की जमिनीवर उभं राहून सेल्फला पाना टेकव, लगेच चालू होईल. होतोही चालू, पण गिअरमध्ये असला तर त्याच क्षणी पुढे सुटतो, आणि मोठं चाक त्याच माणसाच्या अंगावर जातं. हे माझ्याखातर कधीही करू नकोस. उचललेल्या रोटाव्हेटरखाली नुसत्या लिफ्टच्या भरवशावर जाऊ नये, खाली भक्कम ओंडका द्यावा. मागचा पीटीओ शाफ्ट मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. ओढणी अडकली तर ती सोडवायला वेळ उरत नाही, तेव्हा हात लावण्याआधी इंजिन बंद, चावी खिशात. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण निवेपर्यंत तसंच राहू दे. पेरणी एक दिवस मागे पडली तर पडू दे, आपण निभावून नेऊ.

खरं सांगू, पुष्कळ बिघाड विचारण्यापर्यंत येतच नाहीत, जर माणूस पहाटे उठत असेल. ट्रॅक्टर गार असताना, सपाट जागेवर, ऑइलची पट्टी काढून पुसून पुन्हा घालून बघावी, रेडिएटरचं पाणी बघावं, डिझेल फिल्टरखाली पाण्याची वाटी असेल तर तळाला बसलेलं पाणी सोडून द्यावं, आणि धुळीत काम असेल तर एअर क्लीनरची वाटी उघडून पाहावी. चहा उकळेपर्यंत उरकतं सगळं. संध्याकाळी काम संपलं की टाकी भरूनच उभा करावा, रिकाम्या टाकीत रात्रीचा दमटपणा धरतो आणि त्याचं पाणी डिझेलमध्ये उतरतं. सीटखाली एक वही ठेव. ऑइल किती तासांवर बदललं, फिल्टर कधी टाकला, कुठला आवाज पहिल्यांदा कधी ऐकला, एवढंच लिहीत जा. विचारायची वेळ आली की निम्मा मजकूर तयार मिळेल.

आणि उत्तराची वाट बघताना धीर धर. ज्यांना विचारलंस तीही शेतकरी माणसं, त्यांचाही वाफसा चाललेला असतो. दुपारी विचारलेल्याचं उत्तर रात्री जेवणं झाल्यावर येईल. थोरल्यांना काका, दादा म्हणून विचार, ते तर तू करतेसच. कुणाचा सल्ला चुकला तरी त्याला चारचौघांत टोचू नकोस. पण एक मात्र कर, जे बहुतेक जण करत नाहीत: ट्रॅक्टर चालू झाला की सगळ्यांना सांग, दोष नेमका कुठं निघाला, काय केल्यानं गेला, किती खर्च आला. नांगराला जुंपायची घाई असेल, तरी त्या दोन ओळी त्याच रात्री लिहायच्या. तुला ज्यांनी मदत केली त्यांना आपला वेळ कारणी लागला हे कळेल, आणि पुढच्या हंगामात कुणाच्या तरी पोराचा ट्रॅक्टर तसाच अडला तर त्याला दहा उत्तरांच्या गोंधळात चाचपडावं लागणार नाही.

आईला नमस्कार, बाबांना कमरेला शेकायला सांग. या वेळचा बिघाड कशाचा निघाला ते मलाही कळव.

तुझे,
अण्णा आजोबा