परक्या हातची देणगी

एखादें दान स्वभावतः हितकर आहे, परंतु दात्याचा हेतु मात्र निर्मळ नाहीं, अशा वेळीं घेणारानें काय करावें? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न बहुधा एका व्यक्तीपुरता मांडलेला असतो. पण कधीं कधीं तो सबंध समाजापुढें, आणि तोही त्याच्या मातृभाषेच्या संबंधांत, उभा राहतो. भूमध्य समुद्रांतील माल्टा या चिमुकल्या बेटावर तो असाच उभा राहिला होता, आणि तेथील लेखकांच्या एका संस्थेनें त्याचें उत्तर व्याख्यानांतून न देतां कामांतून दिलें.

माल्टाची भाषा हें एक नवलच आहे. सिसिलींत एके काळीं बोलल्या जाणाऱ्या अरबीची ती लेक, शतकानुशतकें इटलीचा शेजार घडल्यामुळें तिच्या शब्दसंग्रहाचा मोठा भाग सिसिलियन व इटालियन, लिपि रोमन. बोलणारे कट्टर कॅथॉलिक, पण देवाला ते 'अल्ला'च म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या उपवासाला 'रान्दान', म्हणजे आपल्या परिचयाचा रमजान! फादर स्टीफन्सचें मराठी 'ख्रिस्तपुराण' इ. स. १६१६ मध्यें रोमन लिपींत छापलें गेलें, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या मिश्रणाचें फारसें आश्चर्य वाटूं नये.

अशा या भाषेला तिच्या घरांत मान मात्र नव्हता. न्यायालय, चर्च आणि विद्यापीठ इटालियनचीं; माल्टी स्वयंपाकघराची, शेताची आणि बंदरावरची. जिला धड लिपि नाहीं, जिच्यांत जुनें वाङ्मय नाहीं, ती कसली भाषा, असें शिष्ट लोक विचारीत. मिकिएल आन्तॉन वास्साल्ली या पंडितानें १७९१ सालीं तिचें व्याकरण व १७९६ सालीं कोश छापला. राजकीय चळवळीपायीं त्याच्या नशिबीं तुरुंग आला, मग हद्दपारी आली. १८२५ सालीं तो विद्यापीठांत माल्टीचा पहिला अध्यापक झाला आणि चारच वर्षांनीं वारला. त्याला कॅथॉलिक स्मशानांत जागा मिळाली नाहीं. प्रॉटेस्टंटांच्या दफनभूमींत त्याची माती झाली.

आतां खरा पेंच येथून पुढें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं माल्टा इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. इंग्रजांना इटालियन भाषेचें वर्चस्व खुपूं लागलें. विशेषतः इटली एक राष्ट्र झाल्यावर तर फारच. मग इटालियनला हुसकावण्यासाठीं त्यांनीं एका हातानें इंग्रजी पुढें केली व दुसऱ्या हातानें माल्टीचा कैवार घेतला. या कैवारांत भाषाप्रेम किती व राज्यकारभाराचा हिशेब किती, हें सांगावयास नको. उलट, इंग्रजी सत्तेशीं झगडणारा राष्ट्रीय पक्ष इटालियनच्या बाजूचा! त्या पक्षाचे पुढारी एन्रिको मित्सी यांना १९४२ सालीं कोणताही आरोप सिद्ध न करतां दूर युगांडांत हद्दपार करण्यांत आलें आणि माल्टाच्याच न्यायालयानें पुढें ती हद्दपारी बेकायदा ठरविली. देशभक्त परभाषेसाठीं लढतो आहे आणि परका राज्यकर्ता मातृभाषेचा पोशिंदा म्हणून मिरवतो आहे, अशी ही उलटी दशा होती. या दोहोंच्या मध्यें सांपडलेल्या साध्या लेखकानें कोणाच्या दाराशीं उभें राहावें?

१४ नोव्हेंबर १९२० रोजीं कांहीं लेखकांनीं एकत्र येऊन 'माल्टी लेखकांचा संघ' स्थापन केला. पुढें हीच संस्था माल्टी भाषेची अकादमी म्हणून ओळखली जाऊं लागली. या मंडळींनीं पहिल्यानें हातीं घेतलें तें काम अगदींच नीरस होतें: अक्षरें ठरविण्याचें. तोंपर्यंत जो तो आपल्या लहरीप्रमाणें लिही. कोणी इटालियन वळणानें, कोणी आपल्याच. निनु क्रेमोना व जान्नि वास्साल्लो या दोघांच्या परिश्रमांतून तीस अक्षरांची वर्णमाला व शुद्धलेखनाचे नियम तयार झाले, आणि १९२४ सालीं ते पुस्तकरूपानें निघाले. त्या पुस्तकाच्या नांवांतला पहिला शब्द 'तारीफ' असा उच्चारतात व अखेरीस 'किट्बा माल्टीया' असे शब्द आहेत. 'तारीफ' म्हणजे तेथें माहिती, 'किट्बा' म्हणजे लिखाण. आपली तारीफ आणि किताब हीं याच अरबी कुळांतलीं भावंडें.

येथें क्षणभर थांबलें पाहिजे, कारण संस्थेची सारी वृत्ति एका अक्षरांत दिसते. या 'तारीफ' शब्दांत मूळ अरबींत 'आयन' नांवाचा एक कंठ्य वर्ण आहे. माल्टी माणसाच्या तोंडून तो बहुतेक लोपला आहे. उच्चाराप्रमाणेंच लिहावयाचें तर तो टाकून द्यावा हें सोपें. आपण मराठींत तेंच केलें, आणि म्हणून 'तारीफ' व 'मार्फत' हे एकाच धातूपासून निघालेले शब्द आहेत हें आपल्या स्वप्नांतही येत नाहीं. माल्टी लेखकांनीं दोन रोमन अक्षरें जोडून त्या मुक्या वर्णाला जागा ठेवली. कां? तर त्यावांचून धातूंचीं रूपें एकमेकांना ओळख देईनात. कोणत्याही सरकारला हें अक्षर नको होतें; इंग्रजी मडमेला तें कळणार नव्हतें, इटालियन वकिलाला रुचणार नव्हतें. भाषेच्या स्वतःच्या व्याकरणानें तें मागितलें, म्हणून तें राहिलें. तेथील शाळकरी पोरें या अक्षराला आजही शिव्या देत असतील, ती गोष्ट निराळी!

१९२५ सालीं संघानें 'इल्-माल्टी' हें नियतकालिक काढलें. पुढें १९३४ सालीं सरकारनें संघाचीच लेखनपद्धति मान्य केली, व त्याच वर्षीं इंग्रजीबरोबर माल्टी राजभाषा झाली. आतां टीकाकार म्हणेल, साम्राज्याच्या पटावरचें हें एक प्यादें. मला तसें वाटत नाहीं. देणगीचा हेतु आपल्या हातीं नसतो. पण दाता मुळींच आला नसता तरी आपण हें काम केलें असतें कीं नाहीं, हा प्रश्न आपल्या हातचा असतो. वर्णमाला दहा वर्षें आधीं तयार होती. सरकारनें ती घेतली, सरकारनें ती घडविली नाहीं.

तथापि एवढ्यानें हिशेब चुकता होतो असेंही नाहीं. इटालियन गेली ती जागा माल्टीला एकटीला मिळाली नाहीं, इंग्रजीनेंही मोठा वांटा उचलला; आणि मित्सींवर झालेला अन्याय हा माल्टीच्या लाभामुळें तिळभरही कमी होत नाहीं. न्याय्य कार्याला अन्यायी सहाय्यक लाभला म्हणजे कार्य अन्याय्य ठरत नाहीं, पण त्या सहाय्यकाचीं कृत्येंही धुवून निघत नाहींत. हे दोन हिशेब वेगळ्या वह्यांतच ठेवले पाहिजेत.

संघाचे १९२७ पासूनचे अध्यक्ष दुन कार्म यांचें उदाहरण मला या बाबतींत फार बोलकें वाटतें. हा धर्मोपदेशक चाळिशी उलटेपर्यंत इटालियनमध्येंच कविता लिहीत होता. १९१२ सालीं तो माल्टीकडे वळला, आणि त्याचेंच गीत पुढें माल्टाचें राष्ट्रगीत झालें. म्हातारपणीं त्यानें इंग्रजी-माल्टी कोशाचे तीन खंड रचले. परभाषेचें ऐश्वर्य ज्यानें पोटभर भोगलें, त्यानेंच मातृभाषेचें दारिद्र्य पत्करून तें शब्दाशब्दानें फेडलें. अशा माणसाला कोणाचें प्यादें म्हणावें?

१९६४ सालीं माल्टा स्वतंत्र झालें. इंग्रज गेले, पण देणगी कोणी परत केली नाहीं. ज्या पक्षानें एके काळीं इटालियनचा झेंडा धरला होता, तोच पक्ष तेव्हां अधिकारावर होता, आणि नव्या राज्यघटनेंत माल्टी ही राष्ट्रभाषा म्हणून नोंदली गेली. २००४ सालीं ती युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांतही जाऊन बसली. जुन्या वाङ्मयाविषयींच्या त्या शिष्टांच्या प्रश्नालाही मधल्या काळांत उत्तर मिळून गेलें होतें. १९६६ सालीं एका नोटरीच्या जुन्या दप्तरांत दोघां संशोधकांना पिएत्रु काशारो याची पंधराव्या शतकांतली एक माल्टी कविता सांपडली. ती रचली गेली तेव्हां माल्टावर इंग्रज नव्हते, आणि दाताही कोणी नव्हता. वर्णमालेसाठीं झटलेले निनु क्रेमोना तेव्हां हयात होते. ते १९७२ सालीं वारले.