वाटेचा हक्क

उमराहसाठी निघालेला प्रवासी विमानतळावर बराच आधी पोहोचतो. सामान सुपूर्द झाले, पारपत्रावर शिक्का बसला, की दोन-तीन तास हाती काहीच काम उरत नाही. अशा वेळी मनुष्य सहजच समोरच्या माणसांकडे पाहू लागतो. हे पाहणे निर्दोष आहे काय? वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या प्रश्नाने गेल्या वर्षी मुंबईच्या विमानतळावर मला फार अस्वस्थ केले.

तिकिटाविना आत प्रवेश नसल्याने निरोप दरवाजाबाहेरच घ्यावे लागतात. तेथे इहराम परिधान केलेले वृद्ध होते, नातवंडांना कवटाळणाऱ्या आज्या होत्या, आखाती देशांत मजुरीस निघालेले तरुण होते. त्यांतील एकाची आई ओढणीने डोळे पुसत उभी होती. तरुणाने जवानाला कागद दाखवले आणि तो आत गेला. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. माझ्या मनाने तत्काळ निकाल दिला, ‘किती कठोर काळजाचा मुलगा!’

आत येऊन बसलो आणि स्वतःचीच आठवण झाली. १९८८ साली मीही येथूनच नोकरीसाठी दम्मामला निघालो होतो. मागे अम्मी-अब्बा उभे होते आणि मी वळलो नव्हतो. कारण वळलो असतो तर पाऊल पुढे पडलेच नसते. त्या दिवशी माझ्या पाठीकडे पाहून कोणी काय ग्रह करून घेतला असेल, अल्लाह जाणे! जे स्वतः भोगले, तेच दुसऱ्याच्या बाबतीत मी क्षणात विसरलो होतो.

त्या तरुणाच्या मनातही तेच होते, असा दावा मी करू शकत नाही. तो मला पुन्हा दिसला नाही. कदाचित तो खरोखरच रागावून निघाला असेल. मात्र मुद्दा हाच आहे की मला ते ठाऊक नव्हते. पुरावा हाती आल्यावर बाळगलेला सद्भाव हा सद्भाव नव्हे, ती केवळ माहिती होय. सद्भावाची कसोटी माहिती नसतानाच लागते.

ह. उसामा बिन जैद (रजि.) यांनी एका मोहिमेत कलिमा उच्चारलेल्या माणसाला, तो भीतीपोटीच बोलला असे समजून ठार केले. प्रेषित मुहम्मद (स.) यांना हे कळताच ते अत्यंत व्यथित झाले आणि त्यांनी उसामांना विचारले, की तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? तो प्रसंग रणांगणाचा होता. पण हा प्रश्न आपल्या प्रत्येक निकालाला लागू पडतो. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत संशय, टेहळणी आणि पाठीमागची निंदा यांना याच क्रमाने मनाई केली आहे. रोग संशयापासून सुरू होतो. जीभ नंतर चालते.

मग माणसांकडे पाहूच नये काय? तसे नव्हे. रस्त्यावर बसू नका, असे प्रेषितांनी (स.) सांगितले तेव्हा सहाबांनी आपली अडचण मांडली की त्यांना बसण्यावाचून गत्यंतर नाही. त्यावर प्रेषितांनी (स.) वाटेचा हक्क अदा करण्यास फर्माविले: नजर खाली ठेवणे, कोणास उपद्रव न देणे, सलामचे उत्तर देणे, भलाईचा आदेश देणे आणि वाइटापासून रोखणे. ही हदीस बुखारी शरीफमध्ये आहे. विमानतळावरील आपली बैठक ही वाटेवरचीच बैठक नव्हे काय? तेथेही बसण्यावाचून गत्यंतर नसते आणि तेथेही हा हक्क लागू होतो.

म्हणून पाहण्या-पाहण्यात भेद केला पाहिजे. दुसऱ्याचे अश्रू करमणुकीसाठी न्याहाळणारी नजर वेगळी आणि कागदावरची अक्षरे न समजल्याने गोंधळलेला मजूर पाहून उठणारी नजर वेगळी. पहिली निकाल देते, दुसरी मदतीला जाते. डोळे तेच असतात. त्यांच्या मागचे अंतःकरण निराळे असते.

प्रवाशाची दुआ आणि अपत्यासाठी आई-वडिलांनी केलेली दुआ स्वीकारली जाते, अशी शुभवार्ता हदीसमध्ये आहे. मीही प्रवासीच होतो. त्या तरुणासाठी आणि बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या आईसाठी मी हात उचलले. दुआ मागण्यासाठी त्याचे हृदय जाणण्याची गरज नव्हती. ते जाणणाऱ्याकडेच तर मी मागत होतो.

वाहनावर आरूढ होताना आपण जी दुआ पढतो, तिच्या अखेरीस आपल्या पालनकर्त्याकडे परतण्याची कबुली असते. त्या परतीच्या दिवशी अंतःकरणातील गुपिते तपासली जातील. तोवर एकमेकांच्या पाठी पाहून निकाल देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही.

अल्लाह आपल्या नजरांना आणि मनांना संशयापासून मुक्त ठेवो. आमीन.